उसना गुरुवार

आयर्लंडात, ॲडम्सटाउनमधल्या मराठी घरांत एक रीत पडून गेली होती. कुणाचेही आईवडील भारतातून आले की ते सगळ्यांचे. मे उजाडला की एकेका घरी पाहुणे उतरू लागत, थंडीचा कडाका सुरू व्हायच्या आत परत जात, आणि मधल्या दिवसांत त्यांची वाटणी होई. आज एकीकडे जेवण, उद्या दुसरीकडे. ज्याला सुट्टी असेल त्याने शहर दाखवून आणायचं, ज्याची गाडी मोठी असेल त्याने समुद्रावर न्यायचं. पाहुण्यांचा वेळ जाई, नोकरी करणाऱ्या लेकीसुनांना उसंत मिळे, आणि निरोपाच्या जेवणात कुणीतरी हमखास म्हणे, "आईबाबा काय, सगळ्यांचेच असतात."

मुक्ताला हे वाक्य पूर्वी आवडायचं. कितीतरी जणांच्या आया तिने हौसेने फिरवल्या होत्या. यंदा मात्र ते कानावर आलं की तिच्या तोंडाला कडू चव येई. सगळ्यांचे असतात, तर मग एकीचे गेल्यावर सगळ्यांचे का गेले नाहीत?

तिचे अण्णा मे महिन्यात यायचे होते. व्हिसा झाला होता, तिकीट निघालं होतं. फेब्रुवारीत एका सकाळी, नाशिकला, चहा पिता पिता ते गेले. मुक्ता पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. परत आल्यावर ती मुकाट्याने कामाला लागली. लोक भेटायला आले, त्यांना तिनेच चहा करून दिला. अण्णांसाठी राखून ठेवलेली रजा मात्र तशीच पडून राहिली. शेवटी सप्टेंबरात ऑफिसातून निरोप आला, की रजा घ्या, नाहीतर बुडेल. तिने घेतली, आणि घेतल्यावर तिचं काय करायचं ते तिला कळेना.

वरच्या मजल्यावरच्या कौमुदीला ते लगेच कळलं. कौमुदीचे आईबाबा अकोल्याहून आले होते. आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे ती नातवाजवळ, ओजसजवळ, घरातच रमली होती. पण बाबांना शहर पाहायचं होतं आणि कौमुदीच्या कंपनीत नेमकी घाईची कामं निघाली होती. गुरुवारी बाबांना नेशील का, असं तिने विचारलं. जिन्यातच, एका हातात लॅपटॉपची पिशवी, दुसऱ्या हातात ओजसची सायकल. मुक्ता हो म्हणाली. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

"एकच गोष्ट," कौमुदी दोन पायऱ्या वर गेलेली पुन्हा खाली आली. "किलमेनमचा तुरुंग सोडून कुठेही ने. ते माझ्यासाठी ठेव. रविवारची तिकिटं काढलीत, त्यांना सांगितलं नाहीये. अगं, सगळं आयुष्य त्यांनी पोरांना इतिहास शिकवला. मला त्यांचा चेहरा बघायचाय."

मुक्ता बरं म्हणाली. घरात येऊन दार लावलं आणि मग तिच्या मनात आलं, की हिला वडिलांसाठी एक गुरुवार मिळत नाही, पण त्यांचा चेहरा मात्र हवा आहे.

गुरुवारी सकाळी काका खाली आले ते मफलर, कानटोपी आणि जावयाचा, आशिषचा, मोठा कोट घालून. बाहेर ऊन होतं. ट्रेनमध्ये बसल्यावर त्यांनी कानटोपी काढून खिशात घातली आणि पोरीला सांगू नको म्हणून बजावलं. त्यांचा स्वभाव बोलका होता. शिक्षकाची शुद्ध भाषा ते शाळेतच ठेवून आले असावेत, कारण रंगात आले की सगळं वऱ्हाडी होई. खिडकीबाहेर गाई दिसल्या की गाईंबद्दल, घरं दिसली की घरांबद्दल, आणि मध्ये मध्ये, कुठूनही वळण घेऊन, कौमुदीबद्दल. कौमुदीने हीटर कसा लावायचा ते शिकवलं. कौमुदी रोज सकाळी विचारते, झोप झाली का. कौमुदीने त्यांच्यासाठी अकोल्याच्या बातम्या लावून ठेवल्या आहेत. हे चालू असताना कौमुदीचाच फोन आला, कानटोपी आहे ना डोक्यावर. काका डोळ्यांत हसू आणून म्हणाले, हो, आहे ना बाप्पा.

मुक्ता हसली. अण्णांना असं कुणी फोन करून दटावलं नव्हतं. ती दटावायची ते वेगळं. ती घाईत असायची.

"आणि रविवारी कुठं तरी न्यायचं ठरवलंय पोरीनं," काका म्हणाले. "सांगतच नाही. मी म्हणलं, नको सांगू. पाहू ना बाप्पा, रविवार काय दूर आहे?"

ते इतक्या खुशीत म्हणाले, की मुक्ताने मान वळवली. काही वेळाने तिने फोन उघडला. किलमेनमची तिकिटं आठवडे आधी संपतात, पण कुणी रद्द केली तर सकाळी एखाददुसरं सुटतं, हे तिला माहीत होतं. मे महिन्यात अण्णा आले की कसं करायचं ते सगळं तिने शोधून ठेवलं होतं. तिने नुसतं पाहिलं. दुपारच्या फेरीची दोन तिकिटं सुटली होती. तिने ती घेतली, आणि घेतली म्हणजे जायलाच हवं असं नाही, असं स्वतःला सांगितलं.

शहर काकांना आवडलं, पण ते त्याला फार मान देईनात. लिफी नदी पाहून ते पुलावर कठड्याला टेकून बराच वेळ उभे राहिले.

"मी म्हणलं राजधानीची नदी आहे, तापीएवढी तरी असंल," ते म्हणाले. "ही तर आमच्या मोर्णेएवढी निघाली. फरक इतकाच, हिच्यात पाणी आहे."

बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो, याचं त्यांना सगळ्यांत नवल वाटलं. म्हातारे, पोरं, दारू प्यालेला एक माणूस, सगळे. काका म्हणाले, अकोल्याच्या स्टँडवर कंडक्टरला कुणी थँक्यू म्हटलं तर तो म्हणेल, काऊन बाप्पा, तिकीट नाही काढलं का? पुढच्या बसमधून उतरताना मात्र त्यांनी स्वतः थांबून, मान लववून ड्रायव्हरला थँक्यू म्हटलं, आणि ड्रायव्हरने अंगठा वर केला तेव्हा त्यांची छाती जरा फुगली. एका समुद्रपक्ष्याने एका बाईच्या हातातला पाव उचलून नेला. काका म्हणाले, माकडं काय नि हे काय, देवळाजवळ राहणारी जात सारखीच.

मुक्ता सकाळभर हसत होती, आणि तिला ते कळतही नव्हतं. दुपारी बाकावर बसून कौमुदीच्या आईने डब्यात दिलेले धपाटे खाताना ते तिच्या लक्षात आलं. आणि लगेच हेही आलं, की हा माणूस संध्याकाळी वरच्या मजल्यावर जाणार, आणि हेच सगळं, याच शब्दांत, कौमुदीला सांगणार.

टपालकचेरीच्या दगडी खांबांपाशी काका थांबले. खांबांना गोळ्यांचे खळगे होते, इंग्रजांविरुद्ध उठलेली माणसं इथे लढली तेव्हाचे. त्यांनी एका खळग्यात बोट घातलं.

"लोकमान्यांनी होमरूल हा शब्द आयर्लंडवरून घेतला," ते म्हणाले. "हे वाक्य मी दर वर्षी नववीला शिकवलं. पोरं लिहून घेत. परीक्षेत एका मार्काला येई. आयर्लंड म्हणजे काय, ते मलेही माहीत नव्हतं, पोरांनाही." त्यांनी बोट काढलं, पण हात खांबावरच होता. "मग ही इथली माणसं? त्यांचं काय झालं पुढं?"

"पकडली," मुक्ता म्हणाली. "एका तुरुंगात नेऊन गोळ्या घातल्या. तो तुरुंग आहे अजून." आणि थोडं थांबून, "जवळच आहे, काका. दाखवते."

कौमुदीला काय सांगायचं, याचा विचार तिने केला नाही. खरं तर केला. आधी आपण पाहू, मग तिला पाहू दे, असा केला.

तुरुंग दाखवणारी बाई उंच होती, तोंडभर तपकिरी ठिपके, गळ्यात हिरवा स्कार्फ. जुन्या भागात दारं बुटकी होती, बोळ अरुंद, आणि भिंतींना ओल. एका दारापाशी ती बाई थांबली आणि मुक्ताला म्हणाली, तुमच्या वडिलांना सांभाळून आणा, चौकट डोक्याला लागते. मुक्ताने मागे वळून पाहिलं. काकांना त्या बाईचे उच्चार कळत नव्हते. ते वर चौकटीकडे पाहत होते. ती माझे वडील नाहीत असं म्हणू शकली असती. ती म्हणाली, थँक्यू, आणते. झिजलेल्या पायऱ्यांवर काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, गरम होता. वर पोचल्यावर त्यांनी तो काढला तेव्हा मुक्ता क्षणभर तशीच उभी राहिली.

मग ते त्या अंगणात आले. चारी बाजूंनी उंच भिंती, खाली खडी, दोन टोकांना दोन साधे काळे क्रूस. इथेच त्या माणसांना उभं केलं होतं. एकाला जखमांमुळे उभं राहता येईना, त्याला त्या दुसऱ्या टोकाला खुर्चीला बांधून. मुक्ता हळू आवाजात मराठीत सांगत गेली. तिने हे सगळं वाचलेलं होतं. अण्णांना सांगायचं म्हणून वाचलेलं होतं, आणि आता ते तोंडातून इतकं नीट, इतकं क्रमाने बाहेर पडत होतं, की तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

काकांनी हात वर केला. वर्गात करतात तसा. मोजक्या, जुन्या धाटणीच्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, की मेलेल्यांचे देह त्यांच्या आयांना दिले का?

नाही, ती बाई म्हणाली. लष्कराने दुसरीकडे नेऊन चुन्यात पुरले. आयांना काही मिळालं नाही.

काकांनी मान हलवली. बाकीची माणसं पुढे गेली, तरी ते उभेच राहिले. मग त्यांनी विचारलं, "कौमुदीला माहीत आहे का ही जागा?"

मुक्ताला खरं बोलायला पुरेसा वेळ होता.

"नसेल बहुतेक," ती म्हणाली. "तिला कुठे वेळ असतो, काका."

"खरं आहे," ते म्हणाले. "लय काम आहे पोरीच्या मागं." आणि त्यांच्या आवाजात कौमुदीबद्दल जी माया आली, ती ऐकून मुक्ताला वाटलं, आपण फेकलेला दगड तिकडे पोचलाच नाही, वाटेतच त्याचं फूल झालं.

ते घरी परतले. दारात त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी मुक्ता वरच्या मजल्यावरून येणारा प्रत्येक आवाज ऐकत बसली. खुर्ची सरकली, ओजस धावला, नळ सुटला. आता फोन येईल, आता कौमुदी खाली येईल. काय म्हणेल, तेही तिने ठरवून टाकलं होतं, आणि आपण काय म्हणू तेही. चुकून झालं, काकांनीच विचारलं, तिकिटं मिळून गेली. यातलं एकही वाक्य तिला पुरतं खोटं वाटेना आणि एकही खरं वाटेना.

फोन शुक्रवारी आला. कौमुदी आनंदात होती. बाबा फारच खूश आहेत, बसचं आणि त्या पक्ष्याचं दोनदा सांगून झालं, तू ग्रेट आहेस. "आणि ऐक. काल जेवताना राहवलं नाही, सांगून टाकलं मी रविवारचं. जेल म्हटल्यावर बाबांचा घासच थांबला. म्हणाले, असं काही आहे का इथं?" ती हसली. "तू पण चल ना. आशिष ओजसला आणि आईला घेऊन घरी थांबतोय, एक तिकीट मोकळं आहे."

मुक्ताने फोन ठेवला. म्हणजे त्यांनी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, ते तिला पक्कं कळत होतं, आणि तेच तिला सोसवेना. तिला सांभाळायला ते गप्प बसले असते तर तिला लाज वाटली असती, पण बरंही वाटलं असतं. ते तिच्यासाठी गप्प नव्हते.

रविवारी ती गेली. न जाण्याचं काही निमित्त सुचलं नाही म्हणून, आणि काका कसे पाहतात ते पाहायचं होतं म्हणूनही.

काका पहिल्यांदा आल्यासारखे पाहत होते. फाटकावरच्या दगडात कोरलेल्या सापांपाशी थांबून त्यांनी हे काय म्हणून विचारलं, तसंच गुरुवारी विचारलं होतं. बुटक्या चौकटीत त्यांनी डोकं किंचित आपटूनही घेतलं. कौमुदी त्यांच्या दंडाला धरून चालत होती आणि अखंड सांगत होती. बरंच चुकीचं सांगत होती. खुर्चीला बांधलेल्या माणसाची गोष्ट तिने तुरुंगातल्याच चर्चमध्ये लग्न लागलेल्या दुसऱ्या माणसाला चिकटवली. काकांनी एकदाही दुरुस्ती केली नाही. नववीच्या पोरांचे पेपर तपासण्यात जन्म घालवलेला माणूस, "असं का?" म्हणत होता, "अरेरे," म्हणत होता, आणि कौमुदीचा चेहरा दिव्यासारखा उजळत होता. चेहरा बघायला ती आली होती. बघत मात्र तेच होते, तिचा.

मुक्ता मागून चालत होती. तिला अण्णांची आठवण झाली, पण नेहमीसारखी नाही. ती लिफीच्या पुलावरून त्यांना व्हिडिओ कॉल करायची, कामावरून परतताना, दर काही दिवसांनी. दर वेळी अण्णा चष्मा पुसून विचारायचे, हीच का गं ती नदी? शेवटी शेवटी तिला वाटायला लागलं होतं की ते विसरतात. एकदा ती चिडली होती, अण्णा, किती वेळा दाखवली तुम्हाला. तेव्हा ते म्हणाले होते, हो का, बरं बरं. त्या पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा विचारलं होतं.

ती भिंतीला टेकली. ओल कपड्यातून पाठीला लागली. पुढे कौमुदीचं हसू ऐकू आलं, आणि मुक्ताला ते हसू ओढून काढून घ्यावंसं वाटलं. जन्मात कशाचा इतका हेवा तिला वाटला नव्हता. नोकऱ्यांचा नाही, घरांचा नाही. हिच्यासाठी अजून कुणीतरी माहीत असलेलं विसरतं आहे.

अंगणात तीच बाई होती, तोच हिरवा स्कार्फ. मुक्ता लोकांआड सरकली. बाईचं बोलणं संपलं तसं कौमुदीने बाबांना कोपराने ढोसलं, की विचारा ना काहीतरी, तुम्ही नेहमी विचारता. काका घुटमळले. मग त्यांनी हात वर केला आणि मनात जो खरोखर होता तोच प्रश्न त्यांच्या तोंडून गेला. देह त्यांच्या आयांना दिले का?

बाईने मान कलती करून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती मोकळेपणाने हसली. तुम्ही गुरुवारीही मला हेच विचारलं होतं, नाही का, ती म्हणाली. तुमच्या मुलीबरोबर आला होतात. आणि मागे पाहत तिने बोटाने दाखवलं. ती काय, तिथे उभी आहे.

कौमुदीने मागे वळून पाहिलं, मग बाबांकडे.

"नो मॅडम," काका म्हणाले. आवाज वर्गातला होता, ठाम. "फर्स्ट टाइम." आणि कौमुदीच्या खांद्यावर हात ठेवला. "माय डॉटर इज धिस वन."

ते सहज म्हणाले. अडखळलेसुद्धा नाहीत. नदी, बस, पक्षी, खांबातला खळगा, जिन्यावरचा हात, सगळं एका वाक्यात पुसलं गेलं.

"काय गं?" कौमुदी मुक्ताला म्हणाली. ती अजून अर्धवट हसत होती, पण कपाळावर एक आठी उमटू लागली होती. "ही काय म्हणतेय? तू आली होतीस?"

काका मुक्ताकडे पाहत नव्हते. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते, उत्तर येणार नाही अशा पोराला प्रश्न विचारून झाल्यावर मास्तर खिडकीबाहेर पाहतात तसे. विनवणी नव्हती. विनवणी असती तर कदाचित तिने सांगून टाकलं असतं. हो म्हणायचं, एवढंच. हो, आले होते, तुझ्या आधी आले होते, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि या बाईला ते माझे वाटले होते. मग तो गुरुवार निदान झालेला तरी राहिला असता. कौमुदीने कितीही आकांडतांडव केलं असतं तरी झालेला राहिला असता.

"छे गं," मुक्ता म्हणाली. "यांना आपण सगळे सारखेच दिसतो."

कौमुदीची आठी विरली. ती मोठ्याने हसली, आणि लगेच जागा आठवून तिने तोंडावर हात धरला. आमच्या ऑफिसातही हेच, ती कुजबुजली, मला वर्षभर दुसरीच्याच नावाने हाक मारायचे. बाईने एकदा मुक्ताकडे नीट पाहिलं. माझी चूक, ती म्हणाली, आणि लोकांना घेऊन पुढे निघाली. प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. काकांनी पुन्हा विचारलं नाही.

अंगण रिकामं व्हायला लागलं तसा कौमुदीने आपला फोन मुक्ताच्या हातात दिला. बाबांबरोबर एक फोटो काढ ना, आशिषला पाठवायचाय. ती वडिलांना बिलगून उभी राहिली. त्यांची कानटोपी तिने स्वतःच सारखी केली, कोटाची वरची गुंडी लावली, आणि त्यांनी लहान मुलासारखी हनुवटी वर करून ती लावू दिली.

मुक्ताने फोन डोळ्यांसमोर धरला.

"इकडे पाहा, काका," ती म्हणाली.

तेव्हा त्यांनी त्या दिवसात पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. बाबा हसा ना, कौमुदी म्हणत होती. ते हसले नाहीत. ते तसेच पाहत राहिले, सरळ, पापणी न हलवता. मुक्ताने एक फोटो काढला. मग, हात हलला वाटतं, असं म्हणून तिने फोन आणखी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.